चॅनेल तीनची खरखर

आधी मेन्स बंद. मग पाच मिनिटं
काहीच करायचं नाही.
कपॅसिटर रिकामे होऊ द्यायचे.
बंदेनवाज शिकलगार म्हणायचे,
"मॅडम, राग उतरू द्या त्याचा.
माणसापेक्षा लवकर उतरतो."

मग चार स्क्रू. डावीकडचा वरचा मूळचा नाही,
कधीतरी पितळी घातलाय.
तो शेवटी काढायचा. का, ते ठाऊक नाही.
ते तसं करायचे.

झाकण उचललं की वास येतो,
तापलेल्या बेकलाइटचा, जुन्या डागाच्या राळेचा,
आणि हळदीचा.
हसू नका.
मार्केट यार्डात सौदे निघाले की
सांगलीच्या हवेला रंग चढतो.
स्टुडिओची दुहेरी दारं, फेल्टच्या पट्ट्या,
कशालाच न जुमानता ती आत येते
आणि फेडरच्या तीस टिकल्यांमध्ये,
एकीच्या नि दुसरीच्या मधल्या केसभर फटीत
ठाण मांडून बसते.

तीन म्हणजे बाजारभावाचा माइक.
"हळद राजापुरी, किमान..."
आणि खर्रर्र.
कवठेमहांकाळहून एका दौलू सनदींचं कार्ड आलं होतं:
आमच्या बेदाण्याचा भाव काल उंदरानं खाल्ला,
तरी उंदीर धरावा ही विनंती.
बंदेनवाजनी कार्ड फॉल्ट रजिस्टरात डकवलं,
खाली शेरा मारला:
उंदीर धरला. दुपारी ४.१०.

कातड्याचा मऊ तुकडा, स्पिरिटचे दोन थेंब.
पुसायचं एकाच दिशेनं,
कमी आवाजाकडून जास्तीकडं.
उलटं पुसलं तरी बिघडत नाही काही,
मी करून पाहिलंय, ते रजेवर असताना.
पण त्यांचा हात मिरजेचा.
घरात ओळीनं भोपळे वाळत,
थोरला भाऊ तंबोऱ्याची जवारी काढायचा.
"त्यो सूत सरकवून आवाजात खरखर आणतो,
लोक वा वा करतात.
मी खरखर काढतो,
तर कुणाला कळत पण नाही.
आईला विचारलं, कोण शहाणा?
ती म्हणाली, दोघं जेवायला बसा."

लोक सांगतात, पुराच्या वेळी
नवं टेबल बंद पडलं नि या जुन्यानंच गाव सावरलं.
खोटं आहे.
त्या आठवड्यात डिझेलच संपलं होतं,
दोन्ही टेबलं सारखीच मुकी होती.
मी मेणबत्तीच्या उजेडात मीटरची काटी बघत बसले.
ती शून्याच्याही खाली, आडवी,
झोपलेल्या माणसासारखी.

आता यादी झाली आहे.
फेडर आठ, ट्रान्सफॉर्मर अकरा,
तांब्याची तार अंदाजे,
एकूण वजन एकशे बेचाळीस किलो.
दर किलोवर.
इतकी वर्षं ज्यातून भाव गेले
त्याचा भाव समितीनं अडीच मिनिटांत काढला.
तिसरी सही माझी.

टेम्पो उद्या सकाळी येणार.
मी आज संध्याकाळी झाकण उघडलं.
रात्रपाळीचा निवेदक, कोवळा पोरगा, ओजस,
दारात थांबला, हातात चहा.
"मॅडम, उद्या जायचंय त्याला,
आज कशाला धूत बसलाय?"
मी काही बोलले नाही.
आपल्याकडं धुतातच की.

तीसच्या तीस टिकल्या.
कमीकडून जास्तीकडं.
कातडं पिवळं झालं.
मग मेन्स दिला, हेडफोन लावला,
तीन नंबर पार वरपर्यंत फिरवला.
माइक नाही, कुणी नाही.
नुसतं स्वच्छ, एकसारखं सूंऽऽ
कुठंही न अडखळणारं.
मी तरी थांबले थोडा वेळ.
सवय.

तीन स्क्रू परत बसवले.
पितळी पर्समध्ये आहे.
चोरी म्हणाल, तर यादी बघा,
त्यात तो नाही.
सरकारी नव्हताच तो कधी.